क्लूनबेगचा फोटो

डब्लिनच्या पश्चिमेला ओंगार नावाची नवी वसाहत आहे. तिथे मी राहतो. तिथून क्लूनबेग मोटारीने दीड तास. एवढं अंतर कापायला मला पाच वर्षं लागली, आणि ज्यांच्यासाठी जायचं होतं ते गेल्यानंतरच मी निघालो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी कुरणांचं, झुडपांच्या कुंपणांचं आणि गरम ब्रेडचं वर्णन करणार आहे. ते वाचून मी सुखाने भटकायला गेलो होतो असा कुणाचा समज होऊ नये.

क्लूनबेगला गाव म्हणणंही जास्तच होईल. वेस्टमीथ परगण्यातली चार-सहा घरांची वस्ती. खुद्द आयर्लंडमध्ये तिचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझ्या वडिलांना मात्र ते पाठ होतं. कारण फुटबॉल.

आमच्या गावात तालमींचे फुटबॉल संघ असतात. तालीम कुस्तीची, संघ तिचाच, आणि मागे उभी राहणारी पेठही तिचीच. वर्ल्ड कप आला की अर्धं गाव ब्राझीलचं होतं आणि अर्धं अर्जेंटिनाचं. गल्लीच्या तोंडावर झेंडे लागतात आणि सख्खे भाऊ महिनाभर एकमेकांशी बोलत नाहीत. आण्णा, म्हणजे माझे वडील, या दोन्ही बाजूंना नव्हते. त्यांचा जीव ब्युनोस आयरेसच्या पश्चिम टोकाच्या एका लहान क्लबावर होता. लास गार्सास, म्हणजे बगळे. एका जुन्या क्रीडा मासिकात त्यांना या संघाचा फोटो सापडला, तर जर्सी हुबेहूब आमच्या तालमीची, हिरवे-पांढरे उभे पट्टे. खाली लिहिलं होतं की संघ यंदाही हरला. तेवढ्यावर नातं जुळलं.

आण्णा छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांनी केलेल्या चुका लाल शाईने दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी क्लबाला इंग्रजीत पत्र लिहिलं. दीड वर्षाने उत्तरादाखल एक स्मरणिका आली, सगळी स्पॅनिशमध्ये. कॉलेजच्या ग्रंथालयातला शब्दकोश समोर ठेवून आण्णांनी ती एकेक शब्द करत वाचली आणि दोनशे पानी वहीत क्लबाचा इतिहास मराठीत लिहायला घेतला. लिहायचं फक्त उजव्या पानावर. डावं पान कोरं. "डावी बाजू दुरुस्तीची," ते म्हणायचे. जे नक्की ठाऊक नाही ते उजवीकडे येता कामा नये, आणि नक्की झालेलं डावीकडे यायलाच पाहिजे, असा त्यांचा नियम होता.

त्या वहीतला इतिहास थोडक्यात असा. ब्युनोस आयरेसजवळच्या रेल्वेच्या कारखान्यात आयर्लंडहून आलेले मजूर होते. कारखान्याच्या इंग्रज साहेबांचा स्वतःचा क्लब होता, पांढऱ्या सज्ज्याचा, हिरवळीचा. मजुरांना तिथे मज्जाव. म्हणून मॅथ्यू गेरॅटी नावाच्या फिटरने वीटभट्टीमागच्या पाणथळ जागेत रुळांखालचे जुने लाकडी ओंडके रोवून गोलपोस्ट उभे केले. बगळे तिथे आधीपासून होते, नाव त्यांचंच घेतलं. पहिल्या संघात आठ जण आयरिश आडनावांचे. मग इटलीहून लोक आले, स्पेनहून आले, आणि आण्णांनी दरवर्षीची यादी उतरवली आहे त्यात ही आडनावं एकेक करून गळत जातात. वीसेक वर्षांनी एकही उरत नाही. तिथे आण्णांनी लिहिलं आहे, "नावे गेली, पट्टे राहिले." पुढे क्लब व्यावसायिक झाला, एकाच हंगामापुरता वरच्या गटात पोचला, मग मैदान गेलं आणि कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या मैदानावर पाहुण्यासारखा खेळला. लोक तरी येत राहिले. स्मरणिकेतल्या साहेबांच्या क्लबाच्या चित्राची झेरॉक्सही आण्णांनी चिकटवली आहे आणि खाली ओळ आहे: "येथे आपल्याला प्रवेश नव्हता." आपल्याला!

गेरॅटी कधीच मायदेशी परतला नाही. त्याच्या जन्मगावाचं नाव स्मरणिकेत एकदाच येतं. क्लूनबेग, वेस्टमीथ, आयर्लंड.

मला डब्लिनला नोकरी लागली तेव्हा आण्णांना पगार किती, कंपनी कोणती याच्याशी देणंघेणं नव्हतं. मी त्यांच्या गेरॅटीच्या मुलखात चाललो होतो. दर रविवारी फोनवर शेवटी एकच विचारणा. "जाऊन ये की एकदा. दीड तासाचं अंतर हाय म्हणतोस. एक फोटो काढ, वहीत जागा ठेवलीया." मी म्हणायचो, पुढच्या शनिवारी नक्की. सईचं पोहणं असायचं, घरात सामान आणायचं असायचं, पाऊस असायचा. खरं म्हणजे कंटाळा असायचा.

२०२०च्या उन्हाळ्यात लॉकडाऊन उठून इथले रस्ते काही दिवस मोकळे झाले. त्याच सुमारास आण्णांना धाप लागायला लागली होती, आणि एका रविवारी त्यांनी क्लूनबेगचं विचारलंच नाही. त्याने मी घाबरलो. पण जे करायला हवं होतं ते मी केलं नाही. घरापासून दहा मिनिटांवर कालवा आहे, त्याच्या काठावर एक पडकी दगडी खोली आहे. मी सईला हाक मारली, एक मिनिट ये म्हणालो, ती जशी होती तशी बाहेर आली. खोलीसमोर तिला उभं करून फोटो काढला आणि आण्णांना पाठवला. खाली लिहिलं, क्लूनबेग, गेरॅटीचं घर. दादाने, माझ्या थोरल्या भावाने, त्याची प्रत काढून त्यांना दिली. आण्णांचा निरोप आला, "पोचला. सई उंच झाली."

पुढच्या एप्रिलमध्ये ते गेले. मला जाता आलं नाही असं मी सगळ्यांना सांगतो. विमानं कमी होती, परतताना हॉटेलात अडकून पडावं लागलं असतं, हे सगळं खरं आहे. पण तिकीट शोधायला मी दोन दिवस उशिरा बसलो, हेही खरं आहे. अग्नी दिलेला मी दादाने लावलेल्या व्हिडिओ कॉलवर पाहिला. त्या संध्याकाळी शेजारच्या आयरिश बाई दारात सफरचंदाचा टार्ट ठेवून, बेल वाजवून, लांब जाऊन उभ्या राहिल्या. आमच्याकडेही सुतकाच्या घरी शेजारून ताटं येतात. मी दारातच बसून तो टार्ट खाल्ला.

जुलैत दादाने वही कुरियरने पाठवली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर मी पाठवलेला फोटो चिकटवलेला होता. खाली आण्णांच्या अक्षरात, "चि. सई, आयर्लंड येथे." त्यांना नातीचं किती कौतुक, असं मला वाटलं. समोरच्या डाव्या पानावर फोटो अडकवायचे चार काळे कोपरे डकवलेले होते आणि मध्ये काही नव्हतं. फोटो वाटेत गळून पडला असेल म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलं. काही निघालं नाही. ते खोटं पान फाडायचं आणि खरा फोटो आणून लावायचा, असं मी त्या दिवशी ठरवलं.

मुलिंगर

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी सईला घेऊन निघालो. मुग्धाला, माझ्या बायकोला, रजा नव्हती. सई तेरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इथल्या हेलाच्या इंग्रजीत येतं. आजोबांशी ती फोनवर तसंच बोलायची आणि आण्णा तिला कोल्हापुरीत उत्तर द्यायचे. दोघांचं कधी अडलं नाही.

मुलिंगर हे परगण्याचं मुख्य गाव. मोठा लांब रस्ता, दोन बाजूंना दुकानं, आणि मागून वळसा घालून जाणारा कालवा. आमच्या घराजवळचाच तो कालवा, इथवर आलेला. त्याच्या पाण्याकडे बघवेना. मुक्कामाच्या घरी मालकीणबाईंनी संध्याकाळी बटाट्याचं दाट सूप आणि बीट किसून घातलेला ब्रेड दिला. बीट ब्रेडला कसं चालतं म्हणून मी तोंड वाकडं केलं आणि तीन काप खाल्ले. लसीचं प्रमाणपत्र पाहिल्याखेरीज आत बसायला देत नव्हते ते दिवस. बाई म्हणाल्या, दोन वर्षांत कुणी आलंच नाही, नाहीतर या दिवसांत आमच्याकडे अर्जेंटिनाचे लोक असतात. पणजोबाचं घर शोधत येतात, रडतात, आणि खूप मांस खातात.

क्लूनबेग

सकाळी ऊन होतं. मोठा रस्ता सोडला की या भागातले रस्ते दंडाएवढे होतात आणि मधोमध गवताची शेंडी उभी राहते. दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांचं कुंपण, त्यापलीकडे ओलं कुरण, आणि तोंड वर करून बघणाऱ्या गाई. आमच्या पन्हाळ्याच्या वाटेवर करवंदीच्या जाळ्या असतात तशी इथे ब्लॅकबेरी. सईने काच खाली करून हात घातला, मी तिच्यावर ओरडायला वळलो, आणि डावं चाक चरात गेलं.

अर्ध्या तासाने ट्रॅक्टर आला. वरच्या गृहस्थाने टोपी मागे सारून आमच्याकडे नीट पाहिलं, दोर काढला, काही न विचारता गाडी ओढून वर काढली. मग म्हणाला, "नोराकडे ना? अर्जेंटिनाहून?"

मी मान हलवली. आपण हलवतो तशी, डावी-उजवीकडे डुलवत. तिचा अर्थ हो होता की नाही, तेव्हाही मला ठाऊक नव्हता. इथे आल्यापासून या मानेने माझे ऑफिसात घोटाळे झालेले आहेत. गृहस्थाने ती हो समजली, खिशातून फोन काढला आणि पुढे वर्दी दिली.

त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा अंगणातल्या टेबलावर कापड घातलेलं होतं. नोरा गेरॅटी ऐंशीच्या पुढच्या, बारीक, पाठीत ताठ. त्यांनी माझा दंड धरला आणि मला उन्हाकडे वळवून बघितलं. दोन वर्षं कुणाची तरी वाट पाहत होते, म्हणाल्या. मग माझ्या हनुवटीकडे बोट केलं. "मॅटची, आमच्या मॅथ्यूची हनुवटी. कुठेही ओळखली असती मी."

सई खोकल्यासारखं करून हसली. टेबलावर ब्राउन ब्रेड होता, अजून वाफाळणारा, बोटाएवढा जाड लोण्याचा थर, रूबार्बच्या आंबट देठांचा जॅम, आणि काळाकुट्ट चहा. मी नको म्हटलं, त्यांनी वाढलं. पुन्हा नको म्हटलं, पुन्हा वाढलं. हा खेळ आमच्याकडे असाच खेळतात. त्या म्हणाल्या, आता सांग, तू कुणाच्या घरातला, आणि आमच्या मॅटचा तिथे पुतळा आहे म्हणतात तो खरा का.

मी कबूल केलं पाहिजे की पुतळा आहे असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. किती सोपं होतं ते. वहीतलं सगळं मला पाठ होतं, हनुवटीसुद्धा त्यांनीच दिली होती. त्यांना आनंद झाला असता आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. वर्षापूर्वी कालव्याच्या काठावर मी अगदी हेच शब्द स्वतःला म्हणालो होतो.

"टेल हर, बाबा," सई खाली मान घालून पुटपुटली.

मी सांगितलं. मी गेरॅटी नाही, अर्जेंटिना कधी पाहिलेलं नाही, भारतातल्या कोल्हापूरचा. नोराबाईंनी कप खाली ठेवला.

"म्हणजे तू आमचा कुणीच नाहीस."

"नाही."

"तुझी ती हनुवटी?"

"माझ्या आईची."

त्यांनी ब्रेडची ताटली माझ्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, "असू दे. चहा ओतलाय तर बस."

मी वही काढली. पहिली पानं इंग्रजी करून वाचून दाखवली: वीटभट्टी, ओंडके, बगळे, आठ आडनावं. प्रत्येक आडनावाला त्या हाताने दिशा दाखवायच्या, ते त्या टेकडीमागचे, ते चर्चच्या खालचे. मी आडनावं गळत गेल्याचं वाचलं तेव्हा त्यांचा हात मांडीवरच राहिला. मग त्यांनी विचारलं की तुझ्या वडिलांना या सगळ्याचं काय पडलं होतं. मी जर्सीचं सांगितलं, आणि दोन्ही संघ हरायचे हे सांगितलं. हे त्यांना लगेच पटलं. आमच्या परगण्याचा संघही हरतोच, म्हणाल्या.

साहेबांच्या क्लबाची झेरॉक्स आली तेव्हा त्यांनी वही स्वतःकडे ओढली. चष्मा पुसला. उठून आत गेल्या आणि भिंतीवरची एक फ्रेम घेऊन आल्या. फ्रेममध्ये तोच पांढरा सज्जा होता, त्याच पायऱ्या, आणि पायरीवर छाती काढून उभा असलेला एक तरुण.

मॅथ्यू त्यांच्या आजोबांचा थोरला भाऊ. परदेशी गेल्यावर चौथ्या वर्षी त्याने हा फोटो आईला पाठवला होता, मागे लिहून की हे माझं घर. पुढच्या उन्हाळ्यात येतो, असंही लिहून. आईने तो खिडकीशेजारी टांगला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मॅटचं घर म्हणून दाखवत राहिली. उन्हाळे गेले, ती गेली.

माझ्या हातात वही होती आणि त्या ओळीचा अर्थ मला सांगायला हवा होता. इथे आपल्याला प्रवेश नव्हता. मी अडखळत सांगितला आणि माफी मागितली.

"अरे, कशाला," नोराबाई म्हणाल्या. "आजोबा सांगायचे. फोटो आला त्याच दिवशी त्यांच्या आईने एकदाच त्यांना जवळ बोलावलं होतं. म्हणाली, त्याचे बूट बघ."

मी बघितलं. टाचा झिजलेल्या, चिखल वाळलेला, एका बुटाला सुतळी बांधलेली.

"मग त्याची आई लोकांना खोटं का सांगत राहिली?"

"खोटं कुठे? पोराने पाठवलं होतं ना ते." त्यांनी काचेवरून पदराने पुसावं तसा हात फिरवला. "तो धड आहे, उभा आहे, एवढं तिला दिसत होतं. बाकीचं तो कधीतरी स्वतः सांगेल, म्हणायची."

त्यांच्याबरोबर आम्ही मागच्या शेतात गेलो. गेरॅटीचं जुनं घर म्हणजे आता एक त्रिकोणी भिंत आहे. चुलाण्याच्या जागी अ‍ॅशचं झाड उगवलंय, त्याच्या फांद्या धुराड्यातून वर गेल्यासारख्या दिसतात. शेजारी पाणथळ तुकडा, आणि त्यात एका पायावर एक करडा बगळा. खरंच होता. मी आण्णांना सांगायला म्हणून मनात वाक्यही जुळवलं, मग आठवलं.

नोराबाईंनी सईला भिंतीपाशी उभं केलं. आपण स्वतः फ्रेम धरून तिच्या बाजूला उभ्या राहिल्या. मी फोटो काढला.

पुन्हा मुलिंगर

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या फार्मसीत फोटोच्या प्रती काढायचं यंत्र होतं, तिथे प्रत काढली. एक नोराबाईंना टपालाने पाठवायला आणि एक मला. कालव्याच्या काठी बाकावर बसून वही उघडली. आधी जुनं पान फाडायचं होतं.

पण मी जुना फोटो बघितला. पहिल्यांदाच खाली, पायांकडे. सईच्या पायात घरातल्या गुलाबी सपाता होत्या, वर सशाचे कान असलेल्या. दीड तास मोटारीने परगावी कुणी मुलीला असं नेत नाही. छापलेल्या पानावरचा निसटलेला अनुस्वार हातभर अंतरावरून पकडणारा माणूस, त्याला ते कान दिसले नसतील? आणि मग खालची ओळ. चि. सई, आयर्लंड येथे. क्लूनबेग हा शब्द त्यांनी लिहिलाच नव्हता. जे नक्की ठाऊक नाही ते उजवीकडे येता कामा नये.

समोर डाव्या पानावर चार काळे कोपरे होते. तिथून काहीही गळून पडलेलं नव्हतं.

मी नवी प्रत त्यांत सरकवली. चारही टोकं बरोबर बसली. पान फाडलं नाही. सईच्या दप्तरातलं लाल पेन घेऊन डावीकडे फोटोखाली लिहिलं, "क्लूनबेग." एवढंच. अक्षर माझं वाकडं येतं.

दोन्ही पानांचा मिळून एक फोटो काढला आणि बोट सवयीने आण्णांच्या नावावर गेलं. त्यांचा मोबाइल आता आईकडे असतो. पाठवून दिला. कालव्यातून बदकं जात होती, सई त्यांना कालचा उरलेला ब्रेड टाकत होती. कोल्हापुरात दुपारचं जेवण झालेलं असेल, असा मी हिशेब करतोय तोच फोन वाजला. पडद्यावर आण्णांचं नाव. उचलायला मला जरा वेळ लागला.

"बघितला बाबा," आई म्हणाली. मग थांबली. चष्मा लावून पुन्हा बघत असावी. "ह्या खेपेला पोरीच्या पायात बूट हाईत न्हवं?"

"हो," मी म्हटलं. "बूट आहेत."